गांधीलमाश्यांचं पहिलं घर

१८ फेब्रुवारी

ही वही पेट्यांच्या नोंदींसाठी घेतली. डाव्या पानावर मधमाश्यांचं, उजव्या पानावर माझं. उजवं पान कुणी वाचायचं नाही. तसंही घरात वाचायला आहे कोण?

आज बंदरावर जाऊन बारा रिकाम्या पेट्या आणल्या. विकणारा माणूस मधाचा धंदा बंद करतोय. मी विचारलं, "माश्यांना काही रोग होता का?" तो म्हणाला, "रोग कसला? उडून गेल्या." बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. घासाघीसही केली नाही. मला काय, पेट्या जाड लाकडाच्या आहेत, झाकणाखाली गोणपाटाच्या घड्यासुद्धा तशाच आहेत.

गाडीत चढवताना एका घडीतून बोटाच्या पेराएवढा काळा किडा पडला, पाय पोटाशी घेतलेला. मेला असेल म्हणून तिथेच पायाने सारला. घरी येऊन गाडी झाडली तर सापडला नाही.

येताना धाकट्याच्या फाटकावरूनच यावं लागतं. माझा सख्खा भाऊ. वडिलांनी जागा वाटली तेव्हा रस्त्याकडची सपाट बाजू त्याला आणि मागचा चढ मला. बंदरावरून मालाची जुनी लाकडी खोकी आणून, दुरुस्त करून विकतो. सहा वर्षं आम्ही बोलत नाही. मधली भिंत कमरेएवढी त्याने बांधली, खांद्यापर्यंत मी चढवली.

२१ मे

दोन पेट्या वापरात घेतल्या. बाकीच्या दहा मागच्या खोलीत एकावर एक रचून ठेवल्यात. त्या खोलीत हल्ली काहीतरी घोंघावतं. खिडकीची काच फुटलीये, भुंगे शिरत असतील. कुलूप काढायला गेले नाही, गुडघा दुखतोय.

माझ्या चौदाही वसाहती जोरात आहेत. शिवणकारखान्यात पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या बाह्या जोडल्या, आता कुठे स्वतःचं काहीतरी जमलंय.

३ जून

तिसऱ्या पेटीच्या दारासमोर एक गांधीलमाशी हवेत टांगल्यासारखी थांबली होती. आपल्या इथली नव्हे. अंग काळं, पायांची टोकं पिवळी, जसे काही मोजे घातलेत. माझी एक माशी पराग घेऊन परतत होती. हिने तिला हवेतच धरलं. मग फांदीला उलटी लटकून डोकं कातरलं, पंख कातरले, पोट टाकून दिलं आणि मधला तेवढा गोळा घेऊन गेली. चपलेने मारायला जाईपर्यंत दुसरी हजर.

कुठे जातात बघितलं. भिंतीपलीकडे. अर्थात.

१६ जून

शेतकी खात्याच्या तपासणीसबाई आल्या होत्या. काडीसारख्या, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. डब्याच्या झाकणात मासळीचे तुकडे ठेवले, आलेल्या गांधीलमाशीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि घड्याळ लावून बसल्या. तुकडा घेऊन गेलेली ठिपकेवाली चार मिनिटांत परत आली.

"घर जवळच आहे," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, परदेशातली माशी समुद्र कसा ओलांडते?

"ओलांडत नाही. आपणच आणतो. थंडी पडली की यांची सगळी वसाहत मरते, फक्त नव्या राण्या उरतात. एकेक राणी कुठल्यातरी फटीत शिरून झोपते. लाकडात, खोक्यात, कुंड्यांच्या पेंढ्यात. तो माल गाडीवर चढतो, जहाजावर चढतो. ऊब लागली की राणी जागी होते, आणि जिथे जागी होते तो तिचा मुलूख. पोटात सगळी प्रजा घेऊनच आलेली असते. हजार लागत नाहीत, एक पुरते."

मला त्यातला 'खोक्यात' हा एकच शब्द ऐकू आला. भिंतीकडे बोट दाखवलं.

त्यांनी वहीत लिहिलं. मग सहज विचारल्यासारखं, "तुमच्याकडे यंदा बाहेरून काही सामान आलं होतं?"

"माझ्याकडे बाहेरून फक्त पोस्टमन येतो," मी म्हटलं. पेट्या काही सामान नव्हे, त्या आमच्या कामाच्याच.

जाताना म्हणाल्या, लेखी तक्रार दिलीत तर मला त्यांच्या आवारात शिरता येईल. त्या गाडीपर्यंत पोचायच्या आत मी कागद घेतला होता.

२ जुलै

धाकट्याला नोटीस लागली. सगळी खोकी एकेक करून तपासायची, जुनी जाळायची, दीड महिना बाहेर एक फळीही जाऊ द्यायची नाही.

दुपारी तो भिंतीपाशी आला. सहा वर्षांनी आवाज ऐकला. जाड झालाय.

"ताई, तक्रारीवर तुझी सही आहे."

"मग कुणाची असायला हवी होती?"

"आधी मला येऊन सांगायचं. मी स्वतः शोधलं असतं."

"तुला सांगायचं म्हणजे भिंतीला सांगायचं."

"माझ्याकडे पाच माणसं कामाला आहेत."

"माझ्याकडे चौदा पेट्या आहेत. एकेकीत तीस-चाळीस हजार. मोज कुणाची जास्त."

तो हसेल असं वाटलं. लहानपणी असल्या उत्तरांवर हसायचा. बघत राहिला आणि गेला. मागे त्याची बायको उभी होती, हाताची घडी घालून.

मी मनावर घेतलं नाही. आज जेवण नेहमीपेक्षा जास्त गेलं.

१९ जुलै

तो खोकी जाळतोय. चौथा दिवस. धुराने माझ्या माश्या पेटीबाहेर यायला तयार नाहीत. याचीसुद्धा आता तक्रार करावी का?

केली नाही. उगाच कुणी म्हणायला नको की मी मागेच लागलेय.

६ ऑगस्ट

सुतारकाकांना चावल्या.

काका वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे, आता धाकट्याकडे कामाला. मला खिळा ठोकायला त्यांनीच शिकवलं. अंगठ्यावर हातोडी बसली तर रडायचं नाही, शिवी द्यायची, हेही त्यांनीच. नोटिशीची मुदत संपत आली म्हणून सकाळपासून धाकट्याच्या शेडच्या पत्र्याखालची खोक्यांची शेवटची रास उपसत होते. त्या राशीमागे, आढ्याला, घर होतं. धान्याच्या पोत्याएवढं. काकांनी खोकं ओढलं आणि ते घर वरच्या बाजूने फाटलं.

मी आवाज ऐकून भिंतीशी गेले. काका हात झाडत पळत होते, सरळ नाही, गोल गोल. डोक्याभोवती काळं वादळ. धाकट्याने ताडपत्री ओढून त्यांच्यावर टाकली आणि तसंच गुंडाळून उचलून फाटकाबाहेर नेलं. त्याच्या मानेवर, कानावर चिकटलेल्या मला इथून दिसत होत्या.

माझी जाळीची टोपी आणि हातमोजे खुंटीला होते. दहा पावलांवर. मी ते आणले नाहीत. सुचलंच नाही असं लिहिणार होते. सुचलं होतं.

८ ऑगस्ट

पहाटे खात्याची माणसं येऊन ते घर उतरवून घेऊन गेली. काका इस्पितळात आहेत, जिवावरचं टळलं. उजव्या डोळ्याचं काही सांगता येत नाही म्हणतात. धाकट्याला एका दिवसात सोडलं.

तपासणीसबाई माझ्याकडे चहाला थांबल्या. म्हणाल्या, "हे त्यांचं दुसरं घर. राणी एकटी असते तेव्हा पहिलं घर लहान बांधते, लिंबाएवढं, फार तर पेरूएवढं. आडोशाला, माणसाच्या हाताशी. शेडात, कपाटात, रिकाम्या पेटीत. प्रजा वाढली, जागा पुरेना झाली की सगळ्या मिळून मोठं घर बांधायला दुसरीकडे जातात. पहिलं तसंच सोडून. ते सापडलं की राणी कुठे जागी झाली ते कळतं."

"खोक्यांच्या राशीत असेल."

"जाळण्याआधी मी प्रत्येक खोकं बघितलंय. नव्हतं." बशीतला चहा संपवला. "गुरुवारी येते. दोन्हीकडे शोधू."

दोन्हीकडे म्हणाल्या.

९ ऑगस्ट

सकाळी मागच्या खोलीचं कुलूप काढलं. नुसतं बघावं म्हणून.

वरून दुसऱ्या पेटीच्या झाकणाला आतून होतं. पेरूएवढं. राखाडी, पातळ कागदाचं, थरावर थर, खाली वाटोळं दार. हातात घेतलं तर वजनच नाही. आत इवल्या खणांची एक चकती, सगळे खण रिकामे. पेटीच्या आतल्या बाजूला लाकूड जागोजाग खरवडलेलं. त्याच लाकडाचा चावून कागद केलेला.

कारागिरी म्हणून बघितलं तर शिवणकारखान्यात इतका सारखा टाका मी कुणाचा बघितला नाही.

मग पटाशी घेऊन खरवडलं. खिडकीपाशी उजेड होता, तिथे. सगळं गोळा करून चुलीत घातलं. एका श्वासात जळलं.

यात लपवण्यासारखं काही नाही. रिकामं घर, त्यातून आता कुणाला काय होणार? मुख्य घर तर त्याच्याकडेच सापडलं. आणि माझी खोली मी केव्हाही साफ करू शकते.

१२ ऑगस्ट

तपासणीसबाईंनी काल सगळं पालथं घातलं. झाकणाच्या आतल्या वाटोळ्या डागावर बोट फिरवलं.

"हे काय?"

"ओल लागली असेल."

"पेट्या कुठल्या?"

"जुन्याच आहेत."

माझ्याकडे बघितलं. मग डागाकडे. मग वही मिटली. माणसाने इतकं गप्प राहू नये, समोरच्याला उगाच बोलावंसं वाटतं. मी नाही बोलले.

१४ सप्टेंबर

चौदापैकी पाच वसाहती उरल्या. आणखी तीन मोठी घरं सापडली, एक पाण्याच्या टाकीमागे, एक शाळेच्या गच्चीखाली, एक झाडाच्या शेंड्यावर. एका घरातून शेकडो राण्या निघतात म्हणे. माझ्या माश्या दारातून बाहेरच येत नाहीत. बाहेर मरण, आत उपास. दारावर पट्टी ठोकून फट बारीक केली, तर गांधीलमाश्या बाहेर रांग लावून थांबतात, रास्त भावाच्या दुकानासमोर थांबल्यासारख्या.

आज मी दिवसभर रॅकेट घेऊन उभी होते. दीडशे मारल्या. हात उचलत नाही. प्रत्येकीला मारताना कुणाला तरी शिव्या देत होते. कुणाला, ते दुपारनंतर कळेनासं झालं.

२२ सप्टेंबर

इस्पितळात काकांना भेटून आले. उजवा डोळा गेला. हात थरथरतो. म्हणाले, "बरं झालं. दोन डोळ्यांनी तुमचं भांडण बघत होतो, आता एकानेच बघायचं. तेवढाच आराम."

मी हसले नाही.

"धाकट्याशी बोल गं."

"त्याची खोकी, त्याचा निष्काळजीपणा, आणि बोलायचं मी?"

"त्याचा निष्काळजीपणा?" त्यांनी चांगला डोळा माझ्याकडे वळवला. "तो म्हणतो, नशीब. तू काय म्हणतेस ते तुझं तुला ठाऊक."

मला राग आला. आजारी माणसाने असं कोड्यात बोलू नये. मधाची बाटली ठेवून निघाले. दरवाजात धाकट्याची बायको डबा घेऊन येत होती. बाजूला झाली नाही. मीच अंग चोरून निघाले.

१९ ऑक्टोबर

धाकट्याची मोठी करवत ट्रकवर चढली. शेड विकली. नोटीस कधीच उठली होती, पण तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. तो आता कुणाच्या तरी गोदामात मालाच्या चढउतारीवर देखरेख करतो. दुसऱ्याच्या खोक्यांवर.

मला समाधान वाटायला हवं होतं. वाट बघितली. आलं नाही.

८ नोव्हेंबर

माझंही संपलं. एकच वसाहत उरलीये आणि तीही जगेल असं नाही. पेट्या विकायला काढल्या. डोंगरापलीकडच्या पठारावरचे एक शाळामास्तर आज सकाळी येऊन बारा पेट्या घेऊन गेले. निवृत्तीनंतर मधमाश्या पाळायच्या आहेत. आनंद तोंडावर मावत नव्हता. पेटीला हात लावताना चपला काढून ठेवल्या होत्या, देवळात शिरताना काढतात तशा.

"आमच्याकडे ही नवी गांधीलमाशी नाही हो अजून," म्हणाले. "डोंगर आडवा येतो."

दोरी आवळताना विचारलं, "माश्यांना रोग वगैरे नव्हता ना?"

"रोग कसला? उडून गेल्या."

हे मी म्हटलं. त्यांच्याकडे न बघता म्हटलं.

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मी फाटकात उभी होते. आत आले, भाकरी थापायला घेतली आणि हात पिठातच राहिला. झाकणाखालच्या गोणपाटाच्या घड्या मी उलगडून बघितल्या नव्हत्या. थंडी पडलीये. बघितल्या नव्हत्या की बघायच्या नव्हत्या, हे लिहायला घेतलं तर पान पुरणार नाही.

पिठाच्या हातानेच तपासणीसबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. बंदर, बारा पेट्या, पेरूएवढं घर, पटाशी, चूल. शेवटी त्यांनी फक्त गाडीचा रंग विचारला.

९ नोव्हेंबर

गाडी घाटाच्या नाक्यावर अडवली. घड्यांमध्ये सात राण्या निघाल्या, झोपलेल्या.

"सात," मी म्हटलं.

"एक पुरली असती," बाई म्हणाल्या. मग, "डाग बघितला तेव्हाच मला वाटलं होतं. पुरावा नव्हता. आणि वाटलं, तुम्ही सांगाल. तीन महिने गेले. तेवढ्या वेळात शेकडो राण्या गेल्या असतील कुठे कुठे."

मास्तरांनी निरोप पाठवलाय. पैसे नकोत, फक्त फोन करू नका.

१० नोव्हेंबर

धाकट्याकडे गेले. भिंतीला वळसा घालून, रस्त्यावरून, फाटकातून. वाटेत वाक्य जुळवत होते. मी सांगेन, तो चिडेल, ओरडेल, ओरडू दे. मग बसेल. शेवटी भाऊ आहे. मी माझ्या वाटणीचा चढ त्याच्या नावे करीन म्हणेन, तो नको म्हणेल. इतकं सगळं ठरवून गेले होते.

दार त्याच्या बायकोने उघडलं. मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं.

"झालं?" तिने विचारलं.

"त्याला बोलाव गं. मला त्याला सांगायचंय."

"त्यांना माहीत आहे, वन्सं. ऑगस्टपासून. तुम्ही खिडकीशी उभं राहून झाकण खरवडत होतात, मी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होते. काकांचे. रक्ताचे डाग गेले नव्हते म्हणून दुसऱ्यांदा धुतलेले."

"मग तुम्ही सांगितलं का नाही? तपासणीसबाईंना?"

"मी निघाले होते सांगायला. त्यांनी अडवलं. म्हणाले, ताईला मी ओळखतो. दोन दिवस तणतणेल आणि स्वतःच येऊन सांगेल. आपण सांगितलं तर तिच्या पेट्या जाळतील, तिच्याकडे दुसरं काय आहे?" ती हे सगळं अगदी सपाट आवाजात सांगत होती, किराणा वाचून दाखवल्यासारखं. "रोज संध्याकाळी या खुर्चीत फाटकाकडे तोंड करून बसायचे. मी म्हणायचे, ती येत नाही. म्हणायचे, येईल. शेड विकली त्या दिवशी खुर्ची फिरवून ठेवली."

आतून त्याच्या खोकण्याचा आवाज आला. दहा पावलांवर असेल. मी हाक मारली. खोकला थांबला. बाहेर कुणी आलं नाही.

"आता या," ती म्हणाली. या म्हणजे जा. दार आपटलं नाही, नीट लावलं.

१३ नोव्हेंबर

खात्याची माणसं येऊन पेट्या अंगणात जाळून गेली. त्या बारा, आणि माझ्या जुन्याही. उरलेल्या वसाहतीची पेटी मीच उचलून दिली, आत गुणगुण नव्हती.

ते गेल्यावर वारा फिरला आणि ठिणग्या भिंतीकडे उडायला लागल्या. तेव्हा धाकटा आला. पाण्याची नळी ओढत, त्याच्या बाजूने. भिंतीवरून फक्त डोकं आणि नळीचं तोंड दिसत होतं. कानामागे अजून काळे वण आहेत. त्याने भिंत भिजवली, त्याच्याकडचं वाळकं गवत भिजवलं, मग नळी उंच धरून माझ्या आगीच्या कडेवरही थोडं पाणी सोडलं. इस्त्री करण्याआधी कापडावर शिंपडतात तसं, हात राखून.

मी म्हटलं, "धाकट्या."

तो आगीकडे बघत होता. शेवटचा निखारा काळा होईपर्यंत उभा राहिला. मला वाटलं, विझल्यावर तरी बोलेल. म्हणून मीही उभी राहिले, राखेच्या या बाजूला, पाऊण तास.

विझल्याची खात्री करून त्याने तोटी बंद केली, नळी खांद्यावर वेटोळी केली आणि घरात गेला.